कोहा : एका देणगीची विचारपूस

पोरिरुआत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ‘कोहा’ हा शब्द नवा नाही. ताकापूवाहियाच्या मराएवर किंवा दुसऱ्या कुठल्याही मराएवर पाहुणे म्हणून गेले की यजमानांसमोर जे ठेवायचे, तो कोहा. आपल्याकडच्या आहेराशी त्याचे नाते जवळचे आहे. आहेर दिला की विषय संपत नाही, उलट देण्याघेण्याचा धागा तिथून सुरू होतो. याच नावाची एक संगणकप्रणाली आज जगातली हजारो ग्रंथालये वापरतात, आणि तिचा जन्म आपल्या अगदी शेजारी झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

पोरिरुआहून उत्तरेकडे निघाले की वाइकनाए, ओताकी मागे टाकत सुमारे तासाभरात लेविन गाव लागते. तेथील होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टपुढे १९९९ साली एक अडचण उभी राहिली. ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली सन २००० उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती. नवी तयार प्रणाली विकत घ्यायची तर ती महाग, शिवाय फॉक्सटन आणि शॅनन या शाखांना साध्या टेलिफोनच्या तारेवरून जोडायचे होते. ट्रस्टने वेलिंग्टनच्या कातिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीला काम दिले आणि जानेवारी २००० मध्ये नवी प्रणाली सुरू झाली.

यापुढचा निर्णय खरा धाडसाचा होता. ही प्रणाली विकत बसण्याचा ट्रस्टचा विचार नव्हता. पण ती एकट्याच्याच मालकीची राहिली, तर उद्या सांभाळायला कोणी उरणार नाही, ही धास्ती होती. म्हणून तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली गेली. कोणीही वापरावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा वाटावी. नाव ठेवले ‘कोहा’. कॅनडा, फ्रान्स, अमेरिकेतील ओहायो अशा ठिकाणांहून माणसे येऊन मिळाली. कोणी नोकरी सांभाळून रात्री काम करी, कोणाला ग्रंथालय पगार देई. पण या सर्वांवर कोणी एक साहेब नव्हता.

मंडळी, इथेच खरा प्रश्न सुरू होतो. पगारी माणसाची हजेरी घेता येते. जो लष्कराच्या भाकऱ्या भाजतो त्याची हजेरी कोण घेणार? त्याची फक्त विचारपूस करता येते. कोहाच्या मंडळींनी सुरुवातीच्या काळात समन्वयकाला माओरी भाषेतलेच नाव दिले : ‘काइतिआकी’, म्हणजे राखणदार. पॅट आयलर या अमेरिकन कार्यकर्त्याने ही जबाबदारी सांभाळली. राखणदार हुकूम सोडत नाही. कोण कशात गुंतला आहे, कोणाचे काय अडले आहे, यावर लक्ष ठेवणे हेच त्याचे काम.

पुढे कामाचा व्याप वाढला तशी जबाबदारी वाटली गेली. २०११ पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची असे ठरले. प्रत्येक फेरीसाठी आवृत्तीचा प्रमुख, जुन्या आवृत्त्या सांभाळणारे, दर्जा तपासणारे, भाषांतर आणि माहितीपुस्तिका पाहणारे अशी माणसे स्वतःहून नावे देतात आणि सभेत त्यांना मान्यता मिळते. या सभा संगणकावर लेखी गप्पांच्या स्वरूपात भरतात आणि त्यांच्या वेळा बदलत्या असतात, म्हणजे दर वेळी एकाच देशाला मध्यरात्री जागावे लागत नाही. सभेत प्रत्येक जबाबदार व्यक्ती आपल्या कामाची स्थिती सांगते. शिवाय कोणाचीही दुरुस्ती दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय पुढे जात नाही. मुदत सहा महिन्यांची असल्याने थकलेल्या माणसाला मानाने बाजूला होता येते, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सारे सुरळीत होते असे मात्र नाही. २००७ साली कातिपोचा कोहा विभाग लिबलाइम या अमेरिकन कंपनीने घेतला. दोन वर्षांनी त्या कंपनीने आपली वेगळी आवृत्ती जाहीर केली आणि कार्यकर्त्यांत अस्वस्थता पसरली. कोहाच्या मूळ संकेतस्थळाचे नावही कंपनीच्याच ताब्यात होते. २०१० मध्ये पीटीएफएस या कंपनीने लिबलाइम विकत घेतली, तरी तिढा सुटला नाही. शेवटी कार्यकर्त्यांनी वेगळे संकेतस्थळ उभारले आणि सामाईक मालमत्ता सांभाळण्यासाठी लेविनच्या त्याच ग्रंथालयावर विश्वास टाकला.

त्याच वर्षी कोहाची जागतिक परिषद वेलिंग्टनला भरली, आणि २०११ च्या ऑक्टोबरअखेरीस ती आपल्या ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळात भरली! ज्या ठाण्यात १८९३ सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, तिथे हे पाहुणे यावेत हे शोभून दिसले. जी नावे एरवी फक्त पडद्यावर भेटत, ती माणसे समोरासमोर बसली. परिषदेला जोडून प्रोग्रॅमरांची एकत्र कामाची बैठकही होती.

त्यानंतर काही आठवड्यांतच लेविनहून हाक आली. न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाचे व्यापारचिन्ह पीटीएफएसला देण्यास प्राथमिक मान्यता मिळाली होती. ज्या ग्रंथालयाने देणगी दिली, त्यालाच आता नावासाठी झगडावे लागणार होते. हे चिन्ह समाजाच्या प्रतिनिधी संस्थेकडे सोपवू, असे कंपनीने सांगितले होते. पण जी गोष्ट सर्वांची आहे, ती कोणाच्या मेहेरबानीने परत घ्यायची नाही, असे ट्रस्टने ठरवले. मदतीच्या आवाहनाला जगभरातून प्रतिसाद आला, वेलिंग्टनची कॅटलिस्ट आयटी कंपनी ट्रस्टच्या बाजूने उभी राहिली आणि २०१३ च्या अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला.

एका खेड्यावजा गावातल्या ग्रंथालयाच्या हाकेला इतके लोक का धावले? कायद्याचा मुद्दा तर होताच, पण माझ्या मते दहा वर्षांची विचारपूस तिथे कामी आली. महिन्यामहिन्याला ज्याने ‘तुझे कसे चालले आहे?’ असे विचारले, त्याच्या अडचणीच्या वेळी माणूस घरी बसून राहत नाही.

वाचकहो, आपली मंडळेही अशाच लष्कराच्या भाकऱ्यांवर चालतात. गणपतीची आरास, मराठी शाळा, दिवाळी कार्यक्रमाचा हॉल हे सगळे त्याच चार-पाच जणांच्या अंगावर पडते. तेही आपली नोकरी आणि मुलेबाळे सांभाळून करतात. मग एके वर्षी त्यांतला एक जण काही न बोलता दिसेनासा होतो, आणि आपण म्हणतो, ‘हल्ली येत नाहीत बुवा!’ तो का येत नाही हे विचारायला मात्र कोणी जात नाही. कामाला ठराविक मुदत, सभेची सर्वांना जमेल अशी वेळ, आणि काम सोपवल्यानंतर मध्येच केलेला एक फोन, या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. येत्या वर्षीच्या कार्यकारिणीने निदान तो फोन करण्याचे काम कोणातरी एकाच्या नावावर लिहून ठेवावे, एवढीच विनंती.