चटणीतल्या दोन मिरच्या

कबनूर हे इचलकरंजीला चिकटलेलं, यंत्रमागांच्या खडखडाटातलं गाव. उन्हाळा लागला की त्या खडखडाटात कांडप यंत्राचे ठोके मिसळतात आणि गल्लीभर ठसका उठतो. वर्षाची चटणी कुटायची असते. इथं नुसतं ‘चटणी’ म्हटलं की कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे घातलेलं लाल तिखटच समजायचं. ते घरोघरी निराळं लागतं. बायका त्याचं श्रेय गरम मसाल्याला देतात, पण खरी गंमत मिरच्यांच्या मेळात आहे.

रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि चवीला मवाळ. संकेश्वरी, म्हणजेच जवारी, लांब, सडपातळ आणि झणझणीत. एकीवर भागत नाही, कारण मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा आणि जाळ कॅप्सायसिनचा. एक भरपूर म्हणून दुसरं भरपूर असेलच असं नाही. रंग तेलात उतरतो. मिसळीच्या कटावर जी लाली तरंगते ती ब्याडगीची, आणि पाव बुडवल्यावर डोळ्यांत येतं ते पाणी संकेश्वरीचं. कुणी निम्मी-निम्मी घेतं, कुणी लेकरांसाठी ब्याडगी वाढवतं. हे प्रमाण कुठं लिहिलेलं नसतं. सासूकडून सुनेकडं जातं आणि सून ते गुपचूप बदलते.

या दोन्ही मिरच्यांचं मूळ गाव मात्र कोल्हापूर जिल्ह्यात नाही. मिरचीच मुळात अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो मिरी-पिंपळीचा. पुढं दख्खनच्या मातीत तिचे स्थानिक वाण झाले आणि त्यांना गावांची नावं चिकटली. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, ब्याडगी आताच्या हावेरी जिल्ह्यात. संकेश्वरीचं पीक गडहिंग्लज भागातही निघतं आणि तिथल्या बाजारात तिचे सौदे होतात. ब्याडगी लांबची, पण रेल्वेनं ते अंतर कमी केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेनं हुबळी-बेळगाव-मिरज असा मुलूख जोडला. 1891 साली मिरज-कोल्हापूर फाटाही सुरू झाला आणि कबनूरजवळच्या हातकणंगल्याला स्टेशन आलं. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा काही वर्षं संकेश्वर, ब्याडगी आणि कोल्हापूर ही तिन्ही ठिकाणं एकाच राज्यात होती. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनं मध्ये सीमा आखली. माणसं अजून त्या सीमेवरून भांडतात. चटणी ती रोज ओलांडते. ज्याला आपण छाती फुगवून ‘कोल्हापुरी’ म्हणतो, त्यातला कोल्हापूरचा खरा वाटा म्हणजे प्रमाण.

कॉफी भाजणाऱ्यांचं कसब याच जातीचं. येमेनच्या मोका बंदरातून येणारी आणि डचांनी जावा बेटावर लावलेली, अशा दोन कॉफ्या एकत्र करून झालेलं ‘मोका-जावा’ हे जुन्यातलं जुनं नावाजलेलं मिश्रण. दक्षिणेत सुगंधाला अरेबिका, दाटपणाला रोबस्टा आणि वर चिकोरी. कॉफीवाले कधी बिया आधी मिसळून भाजतात, कधी वेगवेगळ्या भाजून मग मिसळतात. चटणीत हा वाद नाही. धणे, तीळ, खोबरं, लवंग ज्याच्या त्याच्या वेळानं भाजायचं; एकत्र टाकलं तर धणे भाजेपर्यंत तिळाचा कोळसा.

मिरच्यांचा हा मेळ आता बाजारभाव बिघडवतो. जवारी महाग झाली की तिखटाची बाजू गुंटूर मिरचीकडं जाते: जाळ येतो, वास येत नाही. ब्याडगीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या रंगाचा अर्क काढणारे कारखानेही तिचे गिऱ्हाईक आहेत. लिपस्टिकला लागणारी लाली तीच. मार्च 2024 मध्ये भाव कोसळले तेव्हा ब्याडगीच्या बाजार समितीत शेतकऱ्यांनी गाड्या पेटवल्या.

कांडपाला वेळ नसलेली घरं आता पाकीट आणतात, त्यात वाईट काही नाही. पण चिकोरी मिसळलेल्या कॉफीच्या पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती, हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. चटणीच्या पाकिटावर बहुधा नुसतं ‘मिरची’ असतं. कोणती मिरची आणि किती, हे कोल्हापूरच्या मसालेवाल्यांनी कायद्याची वाट न पाहता छापावं.