दलाल : एका शब्दाची घसरण

सहावीत असताना वर्गात प्रत्येकाला वडिलांचा व्यवसाय विचारला जात होता. शेती, नोकरी, दुकान, मजुरी. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "दलाली." मागच्या बाकावरून हसू आलं. गुरुजींनी रजिस्टरात 'व्यापार' असं लिहिलं. त्यांना बहुधा माझी लाज राखायची होती, पण त्यात लाजण्यासारखं काही आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

अब्बा बैलबाजारातले दलाल. आमचं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातले कोरकू, भिलाला शेतकरी गुरं घेऊन खाली उतरत आणि काळ्या मातीतले कापूसवाले चांगली जोडी शोधत येत. दोघांची बोली वेगळी, एकमेकांची ओळख नाही. मधे अब्बा. घरात आम्ही उर्दू बोलायचो, बाजारात ते वऱ्हाडी बोलत आणि गरजेपुरती कोरकूही. बैलाचे दात, खूर, खांदा पाहून किंमत सांगत आणि सौदा जमला की दलाली घेत. अडत्यासारखं त्यांचं दुकान नव्हतं, की माल उतरवून घ्यायला जागा नव्हती. भांडवल म्हणजे ओळख आणि जीभ.

'दलाल' हा शब्द अरबी आहे. 'दल्ल' या धातूचा अर्थ वाट दाखवणं. पुरावा किंवा युक्तिवाद या अर्थाचा 'दलील' त्याचाच भाऊ. अरबीत धंद्यावरून माणसाला नाव देण्याचा एक साचा आहे. हम्ल म्हणजे ओझं, ते वाहणारा हम्माल. सर्फ म्हणजे नाण्यांची अदलाबदल, ती करणारा सर्राफ. बक्ल म्हणजे भाजीपाला, तो विकणारा बक्काल. त्याच साच्यातला दल्लाल. फारसीच्या वाटेनं हे चौघं मराठीत आले, जोडाक्षरं गळाली आणि हमाल, सराफ, बकाल, दलाल झाले. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला, त्यात बाजाराच्या शब्दांसाठी पण्यवर्ग असा वेगळा भाग आहे. पण दरबाराची भाषा बदलता येते, बाजाराची सहज बदलत नाही. बाजार, दुकान, नफा, रक्कम, दलाल हे शब्द जिथल्या तिथे राहिले.

एकाच साच्यातले हे चौघं, पण त्यांचं नशीब सारखं नाही. सराफाच्या पेढीवर आपण चपला काढून बसतो. हमालाचं नाव १९६९ च्या माथाडी कायद्याच्या शीर्षकातच आहे. बकाल मात्र असा घसरला, की आता गलिच्छ वस्तीला 'बकाल' म्हणतात आणि लिहिणाऱ्याला त्यात एक भाजीवाला बसलाय याची कल्पना नसते. (आमच्या मोहल्ल्यांच्या वर्णनात तर हे विशेषण हमखास असतं.) दलालाचं काय झालं ते सांगायला नको. उर्दूत त्याचं 'दल्ला' झालं, ती तर उघड शिवीच.

राज्यकर्त्यांनाही या माणसाबद्दल कायम संशय. अलाउद्दीन खलजीनं भाव बांधून दिले तेव्हा घोड्यांच्या बाजारातल्या दलालांना कडक शिक्षा केल्याचं बरनी लिहितो. फिरोजशाह तुघलकानं जे कर बंद केले त्यांच्या यादीत बाजारातल्या दलालीवरचा करही आहे. म्हणजे तोवर तो घेतला जात होता.

धर्मातही हा प्रश्न आलेला आहे. शहरातल्या माणसानं वाळवंटातून आलेल्याचा माल त्याच्या वतीनं विकू नये, अशी हदीस आहे. त्याचा अर्थ विचारल्यावर इब्ने अब्बास यांनी सांगितलं, की त्यानं त्याचा 'सिमसार', म्हणजे दलाल, होऊ नये. दुसऱ्या एका हदीसमध्ये पैगंबरांनी बाजारातल्या 'सिमसार' लोकांना 'व्यापारी' हे अधिक चांगलं नाव दिल्याचा उल्लेख आहे. हे वाचलं तेव्हा मला आमचे गुरुजी आठवले. इमाम बुखारींनी मात्र दलालीच्या मजुरीवर एक प्रकरणच केलं आहे आणि त्यात गैर न मानणाऱ्या जुन्या विद्वानांची नावं दिली आहेत. धंदा चालू राहिला, त्याबरोबर ही टोचणीही राहिली.

आमच्या वऱ्हाडानं यावर कायद्याचा उपाय शोधला. कारंजा इथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आमचा तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, बुलढाण्यात तो १९०५ मध्ये आला. दलाल आणि मापारी यांना परवाना लागू लागला, मनमानी कपातीला चाप बसला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगानं याच वऱ्हाडी पद्धतीचा दाखला देऊन देशभर असे बाजार करा अशी शिफारस केली. बाजार समित्यांत उघड लिलाव आला.

बैलबाजारात मात्र रुमाल टिकला. दोन हात रुमालाखाली, बोटांनी भाव. एक बोट म्हणजे शंभर की हजार, ते जनावर पाहून दोघांना कळायचं. अब्बा म्हणायचे, यानं माणसाची इज्जत राहते, किती खाली उतरला ते चारचौघांत दिसत नाही. खरं आहे. पण ज्याचा बैल, तो बाजूला उभा असायचा आणि रुमालाखालचा एक हात त्याचा नसायचा, हेही खरं आहे.

मुंबईत शेअर दलालांनी १८७५ मध्ये संघटना केली, त्यांच्या नावाचा रस्ता आजही 'दलाल स्ट्रीट' म्हणून दिमाखात मिरवतो. तिथला दलाल आता ब्रोकर आहे, जमिनीचा दलाल इस्टेट एजंट झाला आहे. ज्याला इंग्रजी नाव परवडलं त्यानं ते घेतलं, जुना शब्द बैलबाजारवाल्याच्या आणि भाजीबाजारवाल्याच्या अंगावर राहिला.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदीचा कायदा लागू झाला. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि म्हातारा विकल्याशिवाय तरणा घेणं लहान शेतकऱ्याला जमत नाही. गुरांबरोबर रस्त्यानं चालणारा मुसलमान दलाल म्हटल्यावर तर लोकांच्या नजरा आणखीच बदलल्या. अब्बांनी त्या वर्षी बाजार सोडला.

मी त्यांना एकदा ती वाळवंटातल्या माणसाची हदीस सांगितली आणि विचारलं, "तुम्ही दलाली दोन्हीकडून घ्यायचात का?"

"दस्तूरच होता तो."

"आणि डोंगरवाल्याकडून?"

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "उन से कम लेता था." कमी म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही.