वऱ्हाडी रश्श्याची कुळकथा

वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावात असो की शेजारच्या कुठल्याही गावात, रस्सा होतो तो साधारण एकाच रीतीने. कांदा आणि सुके खोबरे भाजायचे. लसूण, आले, धने, खसखस घालून बारीक वाटायचे. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे. मग हळद, तिखट, काळा मसाला आणि वरून आधणाचे पाणी. त्यात मटण पडते, वांगी पडतात, नाहीतर बेसनाच्या पातोड्या. वर तर्री आली की भाकरी कुस्करायला घ्यायची.

मसाल्याचे पातळ कालवण ही या देशातली फार जुनी चाल आहे. चरकसंहितेत डाळींच्या कढणाला ‘यूष’ आणि मांसाच्या पाण्याला ‘मांसरस’ म्हटले आहे. तेल-तूप, मीठ आणि तिखट द्रव्ये घातलेला यूष वेगळा, साधा वेगळा, असा भेदही तिथे आहे. पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या पाककृतींत हिंग, हळद, आले, मिरे, सैंधव सारे आढळते. मिरची मात्र नाही.

काळ्या मसाल्यातल्या काही जिनसांची कथा सर्वांत दूरची. लवंग अठराव्या शतकापर्यंत व्यापारासाठी पिकत होती ती जवळजवळ केवळ इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवर: तेर्नाते, तिदोरे आणि त्यांच्या शेजारची काही चिमुकली ज्वालामुखी बेटे. जायफळ आणि जायपत्री त्यांच्या दक्षिणेकडच्या बांदा बेटांची. तरीही लवंग, जायफळ आणि कंकोळ ही तिन्ही नावे चरकसंहितेत मुखशुद्धीच्या द्रव्यांत येतात, आणि कालिदासाच्या ‘रघुवंशा’त दूरच्या द्वीपांवरून येणाऱ्या लवंगफुलांचा उल्लेख आहे. म्हणजे हा माल युरोपीय गलबते या समुद्रात येण्याच्या हजारभर वर्षे आधीपासून इकडे उतरत होता. त्या गलबतांनी व्यापाराचा रंग बदलला. 1511 मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले. 1621 मध्ये डचांनी जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरच्या रहिवाशांची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम केले. डब्यातल्या जायफळाच्या इतिहासात हे पान आहे, आणि ते गाळून ती कथा सांगणे योग्य नाही.

बंदरातून घाटमाथ्यावर आणि तिथून वऱ्हाडात माल आणण्याचे काम बैलांच्या पाठीवर चाले. बंजारा तांड्यांची ही ‘लदेणी’ देशावरून धान्य नेई आणि मीठ, खोबरे, सुपारी, मसाले आणी. आज त्याच समाजाचे सर्वांत मोठे तीर्थ, पोहरादेवी, वाशीम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात आहे. नारळ न पिकणाऱ्या मुलखातल्या रश्श्यात खोबरे इतके मुरले, त्यामागे या बैलांची पायपीट आहे. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली आणि लदेणीचा काळ सरत गेला.

मिरची आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर, मूळ अमेरिकेतून. भुईमूगही तिकडचाच. ज्या लाल तर्रीवरून वऱ्हाडी रस्सा ओळखला जातो, तिचे वय म्हणूनच पाचशे वर्षांच्या आत आहे. खालचे कढण तिच्याहून कितीतरी जुने.

याच रश्श्याचे भावंड जावा बेटावर आहे: सोतो. त्याचे मूळ सेमारांगसारख्या उत्तर किनाऱ्यावरच्या बंदरांतील चिनी वस्त्यांत असल्याचे मत फ्रेंच इतिहासकार दनी लोंबार यांनी मांडले आहे. पण पिवळा सोतो चाखला की हळद, धने, आले, लसूण हा ओळखीचा मेळ लगेच जाणवतो. रीतही तीच: मसाला दगडावर वाटायचा, तेलात परतायचा, मग पाण्यात सोडायचा. गावोगावी त्याचे रूप बदलते. कुदुसला म्हशीचे मांस घालतात, कारण तिथे सोळाव्या शतकातल्या सुनान कुदुस या धर्मप्रसारकाने हिंदूंच्या भावना राखण्यासाठी गोवध टाळण्यास सांगितल्याची परंपरा आहे. लामोंगानला वर कोळंबीच्या पापडाची आणि तळलेल्या लसणाची भुकटी भुरभुरतात. जावाबाहेरच्या मकासरचा ‘चोतो’ तर शेंगदाण्याच्या कुटाने दाट करतात. वऱ्हाडी घराला यात नवल वाटू नये.

वाशीम आणि शेजारचा हिंगोली हा हळदीचाच पट्टा आहे, त्यामुळे हा सोतो आसेगावच्या चुलीवर सहज होतो. अर्धा किलो गावरान कोंबडी दीड लिटर पाण्यात, गवती चह्याची दोन पाती आणि कुलंजनाचा तुकडा टाकून, मऊ होईपर्यंत मंद शिजवावी. आठ छोटे कांदे, पाच लसूण पाकळ्या, बोटभर आले, चमचाभर धने, अर्धा चमचा हळद, थोडे मिरे आणि मूठभर शेंगदाणे वाटून तेलात परतावे व त्या पाण्यात सोडावे. मांस काढून त्याचे धागे करावेत. वाढताना भात, मोड आलेले मूग, तळलेला कांदा आणि लिंबू हवे. मिरची वाटणात घालू नये; सोतोत तिचा ठेचा वेगळा वाढतात आणि जो तो आपल्या बेताने घेतो.