गणकयंत्राची स्मृती आणि जोह्याचे साचे



गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या गावात गणकयंत्रावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहावा, हे थोडे चमत्कारिकच आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, आणि जाणत्यांना नको तितके प्रश्न विचारून. तेव्हा आजचा विषयही मी तुमच्याच कारखान्यातून सुरू करतो.

प्लास्टरची मूर्ती काढणारा कारागीर साचा भरतो आणि मग काय करतो? माल घट्ट होईपर्यंत तो हात बांधून बसत नाही. तेवढ्यात दुसरा साचा भरतो, मग तिसरा, मग चौथा. समजा, भरायला पाच मिनिटे लागतात आणि घट्ट व्हायला पंधरा. एकच साचा असेल तर वीस मिनिटांना एक मूर्ती निघेल. चार साचे असतील तर दर पाच मिनिटांना एक. प्लास्टर काही लवकर घट्ट झाले नाही, कारागिराचा हातही अधिक वेगाने चालला नाही. फक्त पाळ्या नीट लागल्या. गणकयंत्राच्या शास्त्रात यालाच इंटरलिव्हिंग म्हणतात. आपण आळीपाळीची मांडणी म्हणू.

आता इतिहासाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी बांधलेले गणकयंत्र 1960 साली कामाला लागले, आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत 2048 शब्द मावत, प्रत्येक शब्द 40 अंकांचा, आणि अंक म्हणजे शून्य किंवा एक. त्या काळच्या स्मृतीत एका अंकाला एक चुंबकीय कडी लागे. गुणाकार करून पाहा, 81,920 कड्या होतात! अशा कड्यांतून बारीक तारा ओवाव्या लागत, आणि जगभर हे काम बहुतेक ठिकाणी हातांनीच, पुष्कळदा स्त्रियांच्या हातांनी झाले. यंत्रयुगाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

या कडीत एक खोड होती. तिच्यातला अंक वाचला की तो पुसला जाई, म्हणून वाचल्यावर तो पुन्हा लिहून ठेवावा लागे. तेवढा वेळ स्मृती अडून राही आणि हिशेब करणारा भाग रिकामा बसे. साचा घट्ट होण्याची वाट पाहणारा कारागीरच तो!

यावर एक सरळ उपाय अमेरिकेत सेमूर क्रे या अभियंत्याच्या सीडीसी 1604 या यंत्रात दिसतो. हे यंत्रही 1960 चेच. त्यात स्मृतीचे दोन कप्पे केले होते: सम क्रमांकाचे शब्द एकात, विषम क्रमांकाचे दुसऱ्यात. एका कप्प्याची फेरी 6.4 मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजायची. पण दोन्ही कप्पे अर्ध्या फेरीच्या अंतराने चालत, त्यामुळे सरासरी खोळंबा 4.8 वर आला. याच कंपनीचे पुढचे यंत्र, सीडीसी 3600, टाटा संस्थेत 1964 मध्ये आले. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी गणकयंत्रांविरुद्ध लढत होते. त्यांना अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही. नोकरी कोणाची जाणार, हा प्रश्न रास्तच होता.

पुढे 1976 च्या क्रे-1 यंत्रात कप्पे सोळा झाले. एका कप्प्याला दम घ्यायला 50 नॅनोसेकंद लागत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. क्रमाने शब्द मागितले तर काम धो धो चाले. पण कोणी दर सोळावा शब्द मागू लागला की प्रत्येक मागणी त्याच एका कप्प्यावर येऊन पडे. पंधरा कप्पे मोकळे आणि एकापुढे रांग! पुण्याच्या सी-डॅकने 1991 च्या परम 8000 मध्ये निराळी वाट धरली. तिथे प्रत्येक प्रक्रियकाला स्वतःची स्मृती दिली, म्हणजे प्रत्येक कारागिराला आपापला साचा.

आजच्या सर्व्हरमधील रॅमही वाचल्यावर पुन्हा भरावी लागते, आणि एका कप्प्याची ती फेरी अजून पंचेचाळीस-पन्नास नॅनोसेकंदांच्या आसपासच आहे. वेग वाढला तो मुख्यतः वाटा आणि कप्पे वाढवून. एका प्रक्रियकाला आठ, अलीकडे बारा वाटादेखील असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. लगतच्या माहितीचे लहान लहान तुकडे या वाटांवर पाळीपाळीने ठेवलेले असतात. मात्र प्रत्येक वाटेवर सारख्या क्षमतेची पट्टी हवी. नाही तर पाळी मोडते.

हे मला ठाऊक व्हायला एक भांडण कारण झाले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या पगार विभागात महिनाअखेरचे काम रखडू लागले. सर्व्हर नवा होता, तेव्हा दोष कारकुनांचा, असे व्यवस्थापनाने ठरविले आणि दोघांना कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांतले एकजण माझ्याकडे आले. म्हणाले, “साहेब, आम्ही बटण दाबून बसतो, यंत्रच विचार करत बसते.” मी आग्रह धरला की आधी यंत्राची चौकशी करा. आलेल्या तंत्रज्ञाने झाकण उघडले आणि हसलाच. रॅमच्या चार पट्ट्या होत्या, पण सगळ्या दोनच वाटांवर दाटीवाटीने बसविलेल्या; बाकीच्या सहा वाटा कोऱ्या. त्याने त्याच पट्ट्या चार वाटांवर एकेक करून लावल्या. काम दुप्पट वेगाने झाले असे मी म्हणणार नाही, कारण हिशेबाच्या कार्यक्रमातही दोष होते. पण पगाराची रात्रपाळी लवकर सुटू लागली.

पट्ट्या हलवायला तासभरही लागला नाही. नोटिसा लेखी मागे घ्यायला व्यवस्थापनाला चार महिने लागले.