चपडीची झळाळी



कारध्याच्या आमच्या घरी आजोबांची सागवानी पेटी आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, हिला रंग मारून टाकू." रंगाचा डबाही त्याने आणला होता. मी म्हटले, आधी स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहू. पेटीच्या मागच्या बाजूस थेंब टाकला. थोड्या वेळाने तेथील झिलई चिकट झाली. म्हणजे ती चपडीची. आजचा विषय मला त्या पेटीने दिला.

चपडी म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या डहाळ्यांचा रस शोषून एक बारीक किडा अंगाभोवती राळेचे कवच करतो. ते खरवडून, कुटून, धुऊन दाणे काढतात. पळसावरची पिके दोन, कतकी आणि बैसाखी. नावे कार्तिक-वैशाखावरून पडली. आपल्याकडे पळसाला तोटा नाही. गोंदिया 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तेथे लाखेचे कारखाने होते.

जुन्या पद्धतीत दाण्यांची चपडी अशी होई. लांबलचक कापडी पिशवीत दाणे भरून ती कोळशाच्या भट्टीपुढे धरीत. एक जण पिशवीला पीळ देई, दुसरा झिरपलेली लाख खरवडून घेई. गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर ती पसरीत. मग कारागीर ती ऊन चादर भट्टीच्या धगीत हातांनी, पायांनी आणि दातांनी ताणी. होय, दातांनी! एकोणिसाव्या शतकात युरोपच्या दिवाणखान्यांत ज्या फ्रेंच पॉलिशची वाहवा झाली, त्याची चपडी अशा हातांतून आणि दातांतून गेलेली होती.

या मजुराच्या भाकरीचा निकाल मात्र दूर कोठे तरी लागे. लाखेपासून लाल रंगही निघत असे. 1856 साली इंग्लंडात पर्किनने कृत्रिम रंग शोधला आणि पुढे लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. मग ग्रामोफोनच्या तबकड्यांनी लाखेला गिऱ्हाईक दिले. 1948 साली व्हिनिलची तबकडी आली. तेही गिऱ्हाईक हळूहळू गेले. फर्निचरवर पुढे मेलामाइन आणि पीयू चढले. नव्या वस्तूंवर माझा राग नाही. परंतु जुना धंदा बसताना भट्टीपुढच्या माणसाने काय खावे, हा प्रश्न कोणाच्या हिशेबात होता? आयुष्य युनियनच्या कामात गेले, म्हणून हे विचारल्यावाचून राहवत नाही.

चपडीत दोष आहेत. गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उठते, स्पिरिटने ती विरघळते. पण त्यामुळेच नवा हात जुन्या हाताशी एकजीव होतो. सारे खरवडावे लागत नाही. आम्ही पेटी पुसली, बारीक पॉलिश कागद हलकेच फिरवला. कापसाच्या बोळ्यावर मऊ सुती कापड बांधून, स्पिरिटात विरघळवलेली चपडी गोल गोल हाताने लावली. बोळा मध्येच थांबवायचा नाही. थांबला की चिकटतो. चौथ्या हाताला सागाच्या रेघा वर आल्या.

आपल्या घरी जुने लाकूड असेल, तर रंग मारण्यापूर्वी तो एक थेंब टाकून पाहा. आमच्या मुलाने रंगाचा डबा दुकानात परत केला.