दिनविशेष : १ जुलै
दादासाहेब खापर्डे यांचा स्मृतिदिन (१९३८)

वऱ्हाडचे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांचे १९३८ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा. सरकारी नोकरी सोडून त्यांनी १८९० मध्ये अमरावतीत वकिली थाटली आणि ती जोरात चालली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते.

१९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा दादासाहेब ऑगस्टमध्येच विलायतेला निघाले. टिळकांच्या अपिलासाठी धडपडत ते १९१० पर्यंत तिथे राहिले. अपील फेटाळले गेले. पण भरात आलेली वकिली मित्रासाठी अशी बाजूला ठेवणारा माणूस विरळाच.

असहकाराचा मार्ग मात्र त्यांना पटला नाही. कायदेमंडळात शिरून भांडावे, हे त्यांचे मत. माँटफर्ड सुधारणांनंतर दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, ते १९२५ पर्यंत वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ या चारही जिल्ह्यांना मिळून तिथे एकच जागा होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख! म्हणून मतदारांनी निवडलेल्या सभासदाची सरकारला रीतसर नेमणूक करावी लागे.

बुलढाणेकरांना दादासाहेब आठवतात ते शेगावमुळे. टिळकांवर खटला उभा राहताच त्यांनी कोल्हटकर नावाच्या गृहस्थांना शेगावच्या गजानन महाराजांकडे धाडले, ही कथा दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात येते.