फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर हँग होतोय, अशी तक्रार घेऊन छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटपासून सिडकोतल्या कॅनॉट प्लेसपर्यंत कुठल्याही दुकानात जा, पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : "डेटा सीला आहे का डीला?" म्हणजे फॉरमॅट मारायचं ठरलेलंच आहे; काय वाचवायचं एवढंच विचारायचं राहिलंय. मशीन कधीपासून अडतं, कुठलं काम करताना अडतं, सकाळी अडतं की दुपारी, हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकालाही त्यात वावगं वाटत नाही. उलट तोच सांगतो, "फॉरमॅट मारून द्या, लई स्लो झालंय." दुखणं कुठलंही असो, विंडोज पुसून नव्याने टाकली की मशीन बरं होतं, हे मत आपल्या शहरात दुकानदार, गिऱ्हाईक, कॉलेजची पोरं, कचेऱ्यांतले कारकून अशा सगळ्यांना मान्य आहे. मला ते चुकीचं वाटतं, आणि त्यापायी झालेलं नुकसान मी इतक्या घरांत पाहिलंय, की ते मत सविस्तर खोडून काढणं गरजेचं वाटतं.

पूर्वपक्ष मात्र आधी पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. पैठणच्या पंडितसभांची परंपरा ज्या जिल्ह्याला आहे, तिथे एवढा रिवाज पाळायलाच हवा.

फॉरमॅटवाल्यांचं पहिलं म्हणणं, की याने गुण येतो. मशीन घरी आणल्यावर खरोखर पळतं, हे नाकारता येत नाही. दुसरं म्हणणं वेळेचं. कारण शोधायला अर्धा दिवस लागेल की दोन दिवस, ते कुणालाच आधी सांगता येत नाही. विंडोज टाकायचं काम तासा-दीड तासात उरकतं आणि दुकानदाराला एकाच वेळी चार मशीन लावून ठेवता येतात. तिसरं म्हणणं व्हायरसचं. मशीनमध्ये नेमकं काय शिरलंय हे कळत नसेल तर सगळंच पुसणं शहाणपणाचं. ही तिन्ही म्हणणी अनुभवातून आलेली आहेत.

किंबहुना एकेकाळी हे मत बरोबरच होतं. १९९८ सालच्या विंडोज ९८ मध्ये कुठलाही नवा प्रोग्रॅम सिस्टीमच्या फायलींवर आपल्या फायली बिनदिक्कत चढवू शकत असे. डिस्कवरची मांडणी फॅट-३२ पद्धतीची होती आणि तिच्यात केलेल्या बदलांची नोंदवही नव्हती. लिहिता लिहिता वीज गेली की फायलींचे तुकडे अधांतरी राहायचे. त्यात मराठवाड्यातलं त्या काळातलं भारनियमन. दिवसाकाठी कित्येकदा वीज जायची आणि दर वेळी मशीन मध्येच बंद पडायचं. अशा विंडोजची डागडुजी करत बसण्यापेक्षा ती नव्याने टाकलेली परवडे. त्या काळी या धंद्यात आलेली पोरं आज दुकानांची मालक आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी तोच धडा गिरवलाय. पण त्यानंतर विंडोजची घडण बदलली. घरगुती मशीनवर २००१ च्या एक्सपीपर्यंत सिस्टीमच्या फायलींना संरक्षण मिळालं, एनटीएफएस पद्धतीत बदलांची नोंद होऊ लागली, पुढे व्हिस्टाने प्रोग्रॅमना परवानगी विचारायला लावली. ज्या कारणांसाठी फॉरमॅट आवश्यक होतं त्यातली बरीच संपली. उपाय तेवढा उरला.

आता "गुण येतो" या म्हणण्याकडे वळू. न्यायशास्त्रात कार्यकारण ठरवायला अन्वय-व्यतिरेक लावतात : अमुक असलं की तमुक असतं, आणि अमुक नसलं की तमुक नसतं. फॉरमॅटमध्ये ही कसोटी लावायची सोयच राहत नाही, कारण एका वेळी पन्नास गोष्टी बदलतात. सुरुवातीलाच चालू होणारे डझनभर प्रोग्रॅम जातात, अडकलेले अपडेट जातात, भरून गेलेली सी ड्राइव्ह मोकळी होते, ड्रायव्हर नवे बसतात. यातल्या कशाने फरक पडला, सांगता येत नाही. म्हणूनच दोन-तीन महिन्यांनी तेच मशीन पुन्हा दुकानात येतं. बहुतेक जुन्या मशीनची खरी अडचण साधी आहे : आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे आणि रॅम चार जीबी. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी विखुरलेली माहिती वाचताना सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोहोचते, आणि विंडोज १० ला पडद्यामागे सतत अशीच विखुरलेली माहिती लागते. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसेल. तिथे एसएसडी बसवली की मशीनचा वेग कायमचा बदलतो, कारण तिच्यात हलणारा भागच नाही. फॉरमॅटने तबकडीचा वेग एका फेऱ्यानेही वाढत नाही.

काही दुखणी तर विंडोजच्या बाहेरची असतात, आणि ती फॉरमॅटने लपतात. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या घरचं उदाहरण देतो. त्यांच्या डेस्कटॉपवर एकही वेबसाइट उघडेना. बँकेची नाही, वीजबिलाची नाही. सगळीकडे सुरक्षिततेचा इशारा. दुकानात नेलं, फॉरमॅट झालं, तिथे सगळं उघडलं. घरी आणून लावलं तर पुन्हा तेच. पुन्हा दुकान, पुन्हा फॉरमॅट. मी पाहिलं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात तारीख कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बटण-बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. मशीनची वायर काढलेली असताना घड्याळ तीच चालू ठेवते. ती संपली होती. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मशीनच्या घड्याळात ती तारीख उगवलीच नसेल तर ब्राउझर प्रमाणपत्र नाकारणारच. दुकानात विंडोज टाकताना तारीख लावली जायची आणि वायर जोडलेली असेपर्यंत ती टिकायची. रिक्षातून घरी येताना वीज तुटली की घड्याळ मागे. बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागली. दोन फॉरमॅटांत मात्र मास्तरांच्या डेस्कटॉपवर ठेवलेले पेन्शनचे कागद गेले होते, कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो आणि "डेटा डीला ठेवलाय" हे त्यांनी विश्वासाने सांगितलं होतं.

उन्हाळ्याचंही असंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पंख्याच्या जाळीत वर्षभराची धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत. आतलं तापमान शंभर अंशांच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तरीही नाही भागलं तर मशीन बंद पडतं. सकाळी आठला ठीक चालणारं मशीन दुपारी तीनला अडत असेल तर त्याचा विंडोजशी काय संबंध? यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्यही उष्णतेत भराभर घटतं. साधारण दहा अंश वाढले की ते निम्म्यावर येतं. मग वीज जाताच यूपीएस दगा देतो, मशीन धाडकन बंद होतं, चार वेळा असं झालं की विंडोज बिघडते, आणि दोष विंडोजवर येतो.

सगळ्यात घातक प्रकार मरणाला टेकलेल्या डिस्कचा. अशी डिस्क आधी इशारे देते. तिच्या आतच 'स्मार्ट' नावाची नोंद असते : किती खराब जागा बदलून घ्याव्या लागल्या, किती जागा वाचताना अडखळायला झालं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते आकडे एका मिनिटात दाखवतं. ते न बघता तिच्यावर पुन्हा विंडोज लिहिणं म्हणजे उरलासुरला श्वास संपवणं. इथे "डी ड्राइव्ह सुरक्षित आहे" या आश्वासनालाही अर्थ राहत नाही. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कवर आखलेले दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

मराठी लिहिणाऱ्याचं नुकसान तर वेगळंच, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. युनिकोड रुळण्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही, मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप झाला. या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की फाइलमध्ये साठतात ती ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं; त्यांना म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट कुठे असतो? सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात. दुकानदाराने शब्द पाळला, डी ड्राइव्हला हात लावला नाही, तरी फॉरमॅटनंतर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. "फाइल करप्ट झाली" म्हणून लोक ती टाकून देतात. संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, एकेकाने वर्षानुवर्षं जमवलेल्या ओव्या असे फेकले गेलेत. फाइलमधलं एकही अक्षर बिघडलेलं नसतं. योग्य फॉन्ट बसवला की सगळा मजकूर जागच्या जागी उभा राहतो, आणि तिथून तो युनिकोडमध्येही आणता येतो. पण आधीच्या मशीनवर बसवलेला तो फॉन्टच फॉरमॅटने पुसलेला असतो.

फोनचा फॅक्टरी रीसेट हा याचाच धाकटा भाऊ. 'स्टोरेज फुल' झालं म्हणून सगळा फोन पुसतात, तेव्हा बहुतेक जागा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी खाल्लेली असते. बाहेरून बटणं दाबून रीसेट केला तर २०१५ मधल्या अँड्रॉइड ५.१ पासून फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो आजोबांना आठवत नाही, फोन कुलूपबंद होतो आणि नातवंडांचे फोटो तर रीसेटमध्येच पुसले गेलेले असतात.

कुणी म्हणेल, ही घरगुती उदाहरणं झाली. मोठं घ्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळ, बँका, इस्पितळं ठप्प झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मशीन सुरू होताच कोसळत होतं, म्हणजे आपल्या दुकानी शास्त्राप्रमाणे फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही अशी अवस्था. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये मशीन सुरू करायचं, एका फोल्डरमधली एका विशिष्ट नावाची फाइल काढून टाकायची, मशीन पुन्हा चालू करायचं. कारण ठाऊक होतं म्हणून उपाय एका फाइलपुरता राहिला.

निदानाची ही रीत आपल्याला परकी आहे असंही नाही. माधवनिदानात रोग ओळखायची पाच अंगं सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. त्यातलं उपशय मला फार मोलाचं वाटतं. रोग लपलेला असेल तर एखादा आहार, विहार किंवा औषध देऊन बघायचं. आराम पडतो की त्रास वाढतो, त्यावरून रोग ओळखायचा. सेफ मोड हा उपशयच आहे. तिथे मशीन नीट चाललं तर दोष बाहेरून बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता बळावते. तिथेही अडलं तर डिस्क, रॅम, तापमान यांच्याकडे बघायचं. रॅमची एक पट्टी काढून चालवून बघणं, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघणं, हेही तेच. पूर्वरूपासाठी, म्हणजे रोगाआधीच्या खुणांसाठी, विंडोज स्वतः रोजनिशी ठेवते. 'रिलायबिलिटी मॉनिटर' शोधून उघडलं तर कुठल्या दिवशी काय बसवलं आणि कुठल्या दिवसापासून काय कोसळायला लागलं ते तारखांसह दिसतं. ही रोजनिशीसुद्धा फॉरमॅटमध्ये जाते.

आणि हे शहर तर टीव्हीचं शहर होतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही बनत. त्या काळचे मेकॅनिक सर्किटचा नकाशा पसरून, मल्टिमीटरची टोकं एकेका जागी टेकवून, कुठपर्यंत व्होल्टेज येतंय आणि कुठे थांबतंय ते बघत बघत फुगलेल्या कपॅसिटरपाशी पोहोचायचे. टीव्हीला फॉरमॅट नव्हता, म्हणून त्यांना कारण शोधावंच लागे. त्या हातांचं कसब मी पाहिलंय, आणि ते कॉम्प्युटरच्या दुकानांत उतरलं नाही याची मला मनापासून खंत वाटते.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. खंडणीखोर व्हायरस घुसला असेल, मशीनवर कुणाचा ताबा आहे याचा भरवसा उरला नसेल, तर पुसणंच योग्य. पण तेव्हाही विंडोज अधिकृत ठिकाणाहून उतरवलेली हवी. कुणीतरी आधीच छेडछाड केलेली पायरेटेड प्रत टाकली तर पाहुणा नव्या घरात आधीपासून बसलेला असतो. मशीन विकताना उलटी चूक होते. झटपट फॉरमॅटने फक्त फायलींची अनुक्रमणिका जाते, हार्ड डिस्कवरचा मजकूर नव्याने काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो आणि घेणाऱ्याला परत काढता येतो. म्हणजे वाचवायचं असतं तिथे फॉरमॅट गमावून बसतं, आणि नाहीसं करायचं असतं तिथे पुरतं पुसतही नाही.

राहिला वेळेचा मुद्दा. पूर्वपक्षातला हाच सगळ्यात सच्चा मुद्दा आहे आणि तो दुकानदाराच्या माथी मारून चालणार नाही. आपण विंडोज टाकायचे पैसे देतो, बघायचे देत नाही. "काही केलंच नाही, नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य मी कॅनॉटमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलंय. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण असं म्हणत नाही. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, आणि त्या बदल्यात पावतीवर 'विंडोज इन्स्टॉलेशन' या दोन शब्दांऐवजी काय काय तपासलं, काय सापडलं आणि काय केलं हे लिहून मागावं. कारण सापडलं नसेल तर तसं लिहावं, त्यात कमीपणा नाही. डिस्क, रॅम आणि तापमान बघून झालंय एवढं कागदावर असलं, तरी पुढचा मेकॅनिक तिथून पुढे शोधायला लागेल.